पायांचे काम

अक्काने मला अमेरिकेला पाठवले ते तिच्या मुलाचे विमान थांबवायला. तसे तिने स्पष्ट सांगितलेही. कोल्हापूरच्या तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ती माझ्यासाठी चटणीची पुडकी बांधत होती आणि मान वर न करता बोलत होती. "तू त्याचा मामा, त्यात लोखंडातला माणूस. माझं नाही ऐकत, तुझं ऐकेल. त्याला म्हणावं, बाबा, जमिनीवर आहेस तेवढा आम्हांला पुरे." मी मान डोलावली. घरी येऊन पेटी भरली, आणि सगळ्यात शेवटी, कपड्यांच्या तळाशी, माझा जुना व्हर्निअर आणि पोलादी पट्टी ठेवली. समजूत घालायला निघालेल्या माणसाला व्हर्निअर कशाला लागतो, हा प्रश्न बायकोने विचारला होता. मी उत्तर दिले नाही, कारण ते मलाही ठाऊक नव्हते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे चाळीस वर्षे छोटेसे वर्कशॉप होते. दोन लेथ, एक ड्रिल, एक शेपर आणि दारात बसलेला वेल्डर, एवढाच पसारा. तेलाच्या इंजिनाचे सुटे भाग, उसाच्या चरकाचे बुश, कोणाच्या ट्रॅक्टरची तुटलेली कडी, असली कामे. भाचा लहानपणी मे महिन्याच्या सुटीत आला की घरी कमी आणि वर्कशॉपमध्ये जास्त असे. कानस कशी धरायची, पत्र्याची धार कशी मारायची, लेथवर काम चालू असताना बाही का आवळायची, हे त्याला मीच शिकवले. संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून उजळाईवाडीच्या विमानतळापर्यंत जात असू. तिथे विमान क्वचितच दिसे. पण धावपट्टी दिसे, आणि पोराला तेवढी पुरत असे.

पुढे तो शिकला, अमेरिकेत गेला, ऑरेगन राज्यात पोर्टलंड शहराच्या पश्चिमेला नोकरीला लागला. तिथे त्याने हौसेने विमान चालवण्याचा परवाना घेतला आणि २०१६ साली घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचे विमान बांधायला काढले. शेपटी पुरी झाली होती, पंखांचे काम चालू होते. २०१८ च्या नोव्हेंबरात पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर त्याची मोटार उलटली. पाठीचा कणा छातीच्या आठव्या मणक्याशी दुखावला. जीव वाचला, बेंबीच्या वरपासून खालचे सगळे अंग मात्र त्याच्या हुकमातून गेले. अर्धवट पंख चादरीखाली झाकले गेले, आणि आम्ही सर्वांनी मनातल्या मनात त्या चादरीला नमस्कार करून टाकला. दीड वर्षाने त्याने ती चादर काढली तेव्हा घरात जे वादळ झाले, त्याचा शेवट म्हणजे माझी ही रवानगी.

२०२२ च्या एप्रिलअखेर मी तिथे पोचलो. विमानतळावर भाचा स्वतः मोटार घेऊन आला होता. ब्रेक आणि वेग दोन्ही हाताच्या एका दांडीवर. मी शेजारी बसून त्या दांडीकडेच पाहत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गॅरेज उघडले. आत अॅल्युमिनियमचे एक पांढरेशुभ्र धड तीन पायांवर उभे होते; पंख बाजूला गादीवर टेकवलेले. सगळ्यात आधी माझ्या नजरेत भरले ते कामाचे टेबल. ते माझ्या मांडीइतक्याच उंचीचे होते. व्हाइस, ग्राइंडर, हातोड्या, पाने, सगळे त्या उंचीला उतरून आले होते. मला वाकूनच काम करावे लागले असते. त्या खोलीत ठेंगणा मी होतो, असे म्हणायला हरकत नाही.

घरी विमान बांधणे ही आपल्याकडे चमत्कार म्हणून सांगायची गोष्ट आहे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, ते २०१६ साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडले आणि २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी तोंडात बोट घातले. अमेरिकेत हा एक रुळलेला छंद आहे. १९५३ साली मिलवॉकी शहरात पॉल पोबेरेझ्नी नावाच्या गृहस्थाने अशा हौशी मंडळींची संघटना काढली. तिथला कायदा म्हणतो की विमानाचा मोठा हिस्सा, लोक ज्याला एक्कावन्न टक्के म्हणतात तो, हौशी माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेला असला पाहिजे. असे विमान 'एक्स्पेरिमेंटल' या सदरात मोडते, आणि तो शब्द आत शिरणाऱ्याला दिसेल असा निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत रंगवावा लागतो. भाच्याच्या घरापासून फार लांब नाही अशा ऑरोरा गावी रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी काढलेला कारखाना आहे. तो या विमानांचे सुटे भाग पेट्यांत भरून विकतो. त्यांच्या 'आरव्ही' जातीची दहा हजारांहून अधिक विमाने लोकांनी आपापल्या गॅरेजांत बांधून उडवली आहेत. भाच्याचे होते आरव्ही-९ए. दोन माणसे शेजारी बसतात, पंख खाली, पुढे एक चाक.

या सगळ्यात एक मुद्दा होता, आणि तो भाच्याने मला पहिल्याच चहाला सांगितला. कारखान्यात बनलेल्या विमानात एक दांडी नवी बसवायची तर मंजुरीचे कागद हलवत बसावे लागते. स्वतः बांधलेल्या विमानात बांधणारा माणूसच त्याचा कारखाना असतो. "मामा, विकत घेतलेलं विमान माझ्या मापाचं करायला मला परवानगी मागावी लागेल. हे पहिल्यापासून माझ्या मापाचंच होईल."

मी अक्काचा निरोप सांगण्यासाठी घसा साफ केला. तेवढ्यात तो म्हणाला, "आता तुम्ही आलाच आहात तर एक सांगा. या पेडलांना हातानं चालवायचं कसं?" आणि निरोप घशातच राहिला. चाळीस वर्षे ज्याने गिऱ्हाइकाच्या तोंडून 'हे कसं करायचं' एवढेच ऐकले, त्याला दुसरे काय सुचणार?

वाचकांपैकी बहुतेकांनी विमान बाहेरून पाहिले असेल किंवा खिडकीजवळ बसून. म्हणून पायांचे काम काय असते ते थोडे सांगतो. वैमानिकाच्या हातातल्या दांड्याने विमान वर-खाली आणि डावी-उजवीकडे कलते. पण नुसते कलवून ते नीट वळत नाही. जो पंख वर उचलला जातो, त्याला हवेचा ओढ जास्त बसतो आणि विमानाचे नाक वळणाच्या उलट बाजूला जाऊ पाहते. ते सरळ ठेवते शेपटीचे उभे सुकाणू, आणि सुकाणू असते पायांशी. उड्डाणाच्या वेळी इंजिनाचा पूर्ण जोर लागला की नाक डावीकडे ओढते. तिथे उजवा पाय हवा. आडवा वारा असताना उतरायचे तर शेवटच्या क्षणी नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचे, तेही पायांनीच. शिवाय प्रत्येक पेडलाच्या टोकाला त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक. या जातीच्या विमानाचे पुढचे चाक खुर्चीच्या चाकासारखे मोकळे फिरते, त्याला जमिनीवर वळवायचे ते एका बाजूचा ब्रेक दाबूनच. म्हणजे पाय दोन, कामे तीन. आणि हात आधीच गुंतलेले: डावा दांड्यावर, उजवा थ्रॉटलवर.

पायांवाचून विमान चालवणारे भाच्याच्या आधीही झाले, आणि त्यांचा सगळा अभ्यास त्याने करून ठेवला होता. इंग्लंडचा डग्लस बेडर १९३१ सालच्या अपघातात दोन्ही पाय गमावून बसला आणि तरी दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान घेऊन लढला. त्याच्या गोष्टीत जिद्दीचे वर्णन सगळे करतात. भाच्याने मला दाखवली ती वेगळी गोष्ट. त्या ब्रिटिश लढाऊ विमानांचा ब्रेक पायाच्या बोटांशी नव्हता, दांड्यावरच्या मुठीत होता. बेडरचे कृत्रिम पाऊल पेडल ढकलू शके. बोटांनी ब्रेक दाबणे त्याला जमले नसते. "जिद्द होतीच, मामा. पण ब्रेक हातात होता, हेही होतं." अमेरिकेत १९४० च्या सुमारास एर्कूप नावाचे एक विमान निघाले. फ्रेड वाइक या अभियंत्याने त्यात सुकाणू आणि पंखांच्या झडपा एकमेकांना जोडून पेडलेच काढून टाकली होती. पायांनी अधू असलेल्या अनेकांनी ते चालवले. फ्रान्सची दोरीन बुर्नतों सोळाव्या वर्षी विमान अपघातात कमरेखाली लुळी झाली आणि २०१५ साली ल बुर्जेच्या प्रदर्शनात तिने विमानाच्या कसरती करून दाखवल्या. एर्कूप घे म्हणून मी सुचवले. तो म्हणाला, "त्यात सुकाणू आपोआप फिरतं. मला ते फिरवायचं आहे." हा हट्ट मला कळला. वर्कशॉपमध्येही तो असाच असे.

आम्ही ठरवले ते असे. दोन आसनांच्या मध्ये, त्याच्या उजव्या हाताला, जमिनीतून वर येणारी एक उभी दांडी. पुढे ढकलली की उजवे पेडल पुढे, मागे ओढली की डावे. दांडीच्या डोक्यावर थ्रॉटल, अंगठ्याने फिरणारा. म्हणजे उड्डाणाच्या वेळी उजवा हात एकाच दिशेने, पुढे, जोरही देतो आणि नाकही आवरतो. ब्रेकसाठी सायकलसारख्या दोन मुठी: डाव्या चाकाची मूठ डाव्या हातातल्या दांड्यावर, उजव्या चाकाची या नव्या दांडीवर. डावा हात आवळला की डावे चाक धरते, दोन्ही आवळले की विमान थांबते. यात शिकायचे काहीच उरत नाही. मी मोटरसायकलचा तेलाचा ब्रेक घेऊ म्हणत होतो. भाच्याने तो मोडीत काढला. मोटरसायकलच्या ब्रेकचे तेल आणि विमानाचे लाल तेल यांचे पटत नाही, एकाचे रबर दुसऱ्यात फुगते. म्हणून मूठ तेवढी सायकलची, आत तार, आणि तार जाऊन मिळते ती विमानाच्याच सिलिंडराला. पेडले काढायची नाहीत. शेजारी बसणाऱ्याचे पाय चालत असतील तर त्याने ती खुशाल वापरावीत.

दांडी मी केली. क्रोमोली पोलादाची नळी, खाली बुश, आणि तिथून एक सळई थेट उजव्या पेडलाला. वेल्डिंग भाच्याच्या एका मित्राने केले. विमानाच्या कामाचा शिस्तवारपणा मला नवा होता. जो सांधा फिरतो, त्याच्या नटाला खाचा असतात आणि त्यांतून कॉटर पिन जाते. साधा नट तिथे चालत नाही. सळईच्या टोकाच्या गोळीला मोठा वायसर लावायचा, म्हणजे उद्या गोळी निखळली तरी सळई जागा सोडत नाही. आमच्याकडे 'चालतंय की' या दोन शब्दांवर निम्मे उद्यमनगर उभे आहे. ते दोन शब्द मी त्या गॅरेजमध्ये एकदाच उच्चारले.

जूनच्या एका दुपारी दांडी बसली. भाचा कामावर गेला होता. मी शिडी लावून आत चढलो, आसनावर बसलो, दांडी पुढे ढकलली. भाचेसून मागे शेपटीशी उभी होती. "उजवीकडे वळलं," ती म्हणाली. मागे ओढली. "डावीकडे." दहा वेळा केले. दांडी लोण्यासारखी चालत होती. मी खाली उतरलो तो चाळीस वर्षांनी लहान होऊन. अक्काचा निरोप त्या दिवशी मला आठवला नाही, हे कबूल करतो.

संध्याकाळी भाचा आला. आसनावर बसायला त्याला तेव्हा वीस मिनिटे लागत. खुर्ची पंखाच्या मागच्या कडेला लावायची, मध्ये फळी टाकायची, कारण तिथली झडप नाजूक असते आणि तिच्यावर भार टाकायचा नाही. मग हातांवर अंग तोलून पंखावर बसायचे, पाठमोरे सरकत वर जायचे, पँटला धरून एकेक पाय उचलून आत घ्यायचा आणि शेवटी आसनात उतरायचे. मी दोनदा हात पुढे केला. दोनदा तो म्हणाला, "थांबा मामा. लागला तर मागेन." अखेर बसला. दांडी पुढे ढकलली. "उजवीकडे," भाचेसून म्हणाली. दांडी मागे ओढली. भाचेसून काही बोलेना. "ओढलीस का?" तिने विचारले. त्याने पुन्हा ओढली. दांडी मागे येत होती, उजवे पेडल मागे येत होते, आणि शेपटीचे सुकाणू जिथल्या तिथे उभे होते.

मी आत डोकावलो, नटबोल्ट पाहिले, सळई पाहिली. सगळे जागेवर. "दुपारी चालत होतं," मी म्हणालो. तशी खोटे बोलणाऱ्या मुलासारखा माझा आवाज मलाच ऐकू आला. भाचा काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दुपारी तुमचे पाय कुठं होते, मामा?"

माझे पाय पेडलांवर होते. दुसरीकडे कुठे असणार? तेव्हा उलगडा झाला. या विमानात पेडलापासून सुकाणूपर्यंत जाते ती पोलादी तार. तार ओढता येते, ढकलता येत नाही. विहिरीत सोडलेल्या दोराने कोणी कळशी खाली दाबत नाही. उजवे पेडल मागे ओढले की उजवी तार नुसती सैल पडते. सुकाणू डावीकडे वळायला डावे पेडल पुढे ढकलले गेले पाहिजे. दुपारी मी दांडी मागे ओढली तेव्हा उजवा पाय मागे आला, आणि डावा पाय, मला न विचारता, माझ्या नकळत, पुढे गेला होता. साठ वर्षे चालून चालून त्याला ती सवयच होती. मी हाताची दांडी तपासत होतो, आणि काम करत होता माझा पाय.

एवढ्यावर भागले नाही. "आणखी एक आहे," भाचा म्हणाला. त्याने पट्टे सैल केले आणि दांडी जोराने पुढे ढकलली. दांडी गेली तेवढीच त्याची पाठ मागे आणि बाजूला कलली. दुसऱ्या हाताने कडा धरून त्याला सावरावे लागले. दांडी ढकलताना आपण काय करतो हे मला तोवर ठाऊकच नव्हते. आपण टाचा रोवतो, पोट आवळतो, आणि मग हात पुढे जातो. त्याच्याकडे टाचाही नव्हत्या आणि पोटही. त्याचा हात एकटाच होता. माझ्या मापाने केलेली दांडी त्याला चार बोटे लांब पडत होती, कारण मी पुढे झुकू शकत होतो आणि तो झुकला तर परत येणे कठीण.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक झाली याचे वाईट वाटले नाही. लेथवर चाळीस वर्षे काढलेल्या माणसाच्या पाठीशी चुकांचा ढीग असतो. डाचत होते ते दुसरेच. गेली चार वर्षे आम्ही सगळे त्याच्या पायांबद्दल बोलत होतो, रडत होतो, नवस करत होतो. त्याच्या पायांनी पूर्वी काय काय केले आणि आता ते कोण करते, हे आमच्यापैकी एकानेही त्याला विचारले नव्हते. अक्का फोनवर विचारायची, "बरा आहेस ना?" मी विचारायचो, "काही लागतंय का?" दोन्ही प्रश्नांना तो 'हो' आणि 'नाही' म्हणायचा, आणि आम्ही सुस्कारा टाकायचो. मी कळवळून आलो होतो, मामाच्या मायेने आलो होतो, आणि माप मात्र स्वतःचे घेतले होते.

सकाळी मी व्हर्निअर आणि पट्टी घेऊन त्याच्या खोलीशी गेलो आणि म्हणालो, "बस. तुझं माप घ्यायचंय." तो हसला. म्हणाला, "शिंप्यासारखे आलात." तीन दिवस आम्ही मापेच घेतली. पट्टे आवळल्यावर खांदा कुठे येतो, कोपर टेकल्यावर मूठ कुठवर पोचते, किती जोराला अंग कलते. साध्या वजनकाट्याच्या आकड्याला दांडी बांधून तो किती ओढू शकतो ते पाहिले. मागे ओढण्यापेक्षा पुढे ढकलण्यात त्याला जास्त त्रास होता. म्हणून आसनाच्या पाठीला दोन्ही बाजूंनी उशा दिल्या आणि छातीवरून आणखी एक पट्टा घेतला. कोपराला टेकू केला. खाली सळईच्या जागी तराजूच्या दांडीसारखी रचना आली: आडव्या नळीला दोन शिंगे, एक वर, एक खाली, आणि दोन सळया दोन पेडलांना. दांडी पुढे गेली की वरचे शिंग उजवे पेडल ढकलते, मागे आली की खालचे डावे. तारा सैल पडू नयेत म्हणून दोन हलक्या स्प्रिंगा. धडधाकट माणसाचे पाय पेडलांवर नुसते टेकून जे काम करतात, ते त्यांच्याकडे दिले. या वेळी आसनावर मी बसलो नाही. प्रत्येक वेळी तोच बसला, आणि वीस मिनिटांची सहा मिनिटे झाली ती त्या चढउतारानेच.

मग पायांचीच व्यवस्था. काम करत नसले तरी ते विमानात येणारच होते. न जाणवणारा पाय घसरून पेडलाखाली अडकला तर सुकाणू अडकेल. कधी कधी त्या पायांना आपोआप झटके येतात. ऐन उतरताना झटका पेडलावर बसला तर? म्हणून पेडलांच्या अलीकडे एक फळी, तिच्यावर दोन पट्टे, पावले त्यात बांधलेली. आसनाची गादी अशी निवडली की कातडीला एका जागी दाब बसून जखम होऊ नये. आणि इंजिनाची ऊब आत सोडणारे भोक नेमके पावलांशी होते. आपल्याला चटका बसला तर आपण पाय मागे घेतो. त्याला कळणारच नाही. त्या भोकापुढे मी पत्र्याचा एक आडोसा केला. साऱ्या विमानात मी केलेले सगळ्यात सोपे काम ते, आणि सगळ्यात जपून केलेले.

ऑगस्टात विमान धावपट्टीशेजारच्या शेडमध्ये हलवले, पंख जोडले. सरकारने नेमलेला तपासनीस आला. दिवसभर टॉर्च आणि आरसा घेऊन तो एकेक सांधा पाहत होता. दांडीशी आला तेव्हा त्याने भाच्याला आत बसायला सांगितले, मला नव्हे. मला ते फार आवडले. भाच्याची स्वतःची परीक्षा आधीच होऊन गेली होती. तिकडची रीत अशी की वैमानिकाच्या अंगात कायमचे वैगुण्य असेल तर नुसते वैद्यकीय कागद पाहून नाही म्हणत नाहीत. निरीक्षकासमोर विमान चालवून दाखवायला लावतात, आणि जमले तर 'या माणसाने करून दाखवले आहे' असा दाखला देतात. हाताच्या दांडीच्या एका भाड्याच्या विमानात शिकून भाच्याने तो मिळवला होता.

नव्या विमानाला आधी ठरावीक हद्दीत परीक्षेचे तास पुरे करावे लागतात. इंजिन आणि पंखा यांची जोडी मान्यताप्राप्त असेल तर २५, नाही तर ४०. आमचे ४० होते. तोवर प्रवासी घ्यायचा नाही. म्हणजे माझा परतीचा दिवस येईपर्यंत मला त्यात बसता येणार नव्हते. भाच्याला माझ्यापेक्षा जास्त हळहळ वाटली. पहिले पाच तास त्याच्या एका मित्राने, निवृत्त वैमानिकाने, पायांनी उडवले. मग सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी भाचा त्यात एकटा बसला.

मी आणि भाचेसून कुंपणाशी उभे होतो. त्याची खुर्ची आमच्याजवळ होती. रिकामी चाकाची खुर्ची पाहून एरवी पोटात गोळा येतो. त्या दिवशी ती एखाद्याने चप्पल काढून ठेवावी तशी दिसत होती. विमान धावपट्टीच्या टोकाशी जाऊन थांबले. उडण्याआधी वैमानिक सगळी सुकाणी हलवून पाहतात. पंखांच्या झडपा हलल्या. शेपटीची आडवी झडप हलली. मग उभे सुकाणू उजवीकडे गेले. मी कुंपणाची तार धरली. सुकाणू मध्ये आले, आणि सावकाश, पूर्ण, डावीकडे गेले. पुढचे सगळे, तो धावला, उचलला, दोन घिरट्या घालून आडव्या वाऱ्यात नाक सरळ करून उतरला, हे मी पाहिले खरे. पण माझा दिवस तिथेच पुरा झाला होता.

अक्काला फोन मीच केला. निरोप सांगितला नाही हेही त्याच फोनवर सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "उतरला ना नीट?" म्हटले, उतरला. पुन्हा गप्प. मागे एकदा त्या पत्र्याच्या आडोशाबद्दल मी तिला बोललो होतो. "ते पायाशी लावलेलं घट्ट आहे ना रे? चटका नाही ना बसणार?" मी म्हणालो, घट्ट आहे. "मग बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. तिचा राग गेला असे मी म्हणणार नाही. पण थांबव असे ती त्यानंतर कधी म्हणाली नाही.

दिवाळीच्या आधी मी कोल्हापूरला परतलो. वर्कशॉप आता पुतण्या चालवतो; मी दुपारी जाऊन बसतो. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी एक तरुण शेतकरी स्कूटर घेऊन आला. मळणीयंत्रात त्याचा पाय गेला होता. स्कूटरला मागे दोन जादा चाके आणि ब्रेक हातावर हवा होता. अशा स्कूटरी आम्ही पूर्वी कितीतरी केल्या. गिऱ्हाइकाने स्कूटर ठेवून जावी, आठ दिवसांनी यावे, आम्ही आमच्या अंदाजाने दांडी बसवून ठेवलेली असे. पुतण्याने सवयीने सांगितले, "ठेवून जावा, होऊन जाईल."

मी उठलो, पट्टी घेतली आणि त्याला म्हणालो, "जाऊ नका. बसा स्कूटरवर. आणि हात आधी कुठं जातो, ते मला दाखवा."